शहराच्या मध्यावर घर कोणाचें?

मुंबईनें समुद्र हटवून पुष्कळ जमीन मिळविली. सात बेटांचें एक बेट केलें. परंतु शहराच्या मध्यावरची जमीन भराव घालून वाढवितां येत नाहीं. ती जेवढी आहे तेवढीच राहते, आणि म्हणूनच ती एकदां मोकळी झाली म्हणजे तिच्यावर काय उभारावें हा प्रश्न साऱ्या शहराचा होऊन बसतो. जुना कारखाना बंद पडतो, तुरुंग गांवाबाहेर हलतो, धान्याचा घाऊक बाजार दुसरीकडे जातो, आणि भिंतीआडची कित्येक एकर जागा एकाएकीं डोळ्यांत भरूं लागते. त्या जागेवर घरें व्हावीं याबद्दल सहसा दुमत नसतें. घरें कोणासाठीं, किती, किती उंच, आणि शेजारीं आधींपासून राहणाऱ्यांचें काय, येथें मात्र मतभेदाला आरंभ होतो.

नगररचनेच्या शास्त्रांत अशा वेळीं पहिलें काम नकाशाचें असतें. शहराच्या नकाशावर निरनिराळे रंग भरलेले असतात. एका रंगांत राहण्याचीं घरें, दुसऱ्यांत कारखाने, तिसऱ्यांत बागा व मैदानें. ज्या जमिनीवर कारखान्याचा रंग आहे तेथें मालकाला मनांत येईल तेव्हां बंगला बांधतां येत नाहीं. रंग बदलला कीं मात्र त्याच मातीची किंमत दसपट होऊं शकते. माती तीच, खडक तोच, मालकानें फावडेंही चालविलेलें नाहीं. तरीही सरकारी राजपत्रांतील एका कलमानें ती जमीन सोन्याची होते. ही वाढलेली किंमत कोणाची, मालकाची कीं ज्या शहरानें ती वाढविली त्या शहराची, हें या विषयाचें मर्म आहे.

या प्रश्नाचें आपल्या देशांतील सर्वांत बोधप्रद उदाहरण मुंबईच्या गिरणगांवाचें होय. कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली व १८५६ सालीं ताडदेवला तिचें काम सुरूं झालें. पुढील पन्नास-साठ वर्षांत भायखळा, लालबाग, परळ, वरळी, प्रभादेवी, शिवडी या भागांत धुराड्यांचें रान उठलें. त्या काळीं ही जागा शहराच्या उत्तरेची हद्द होती. शहर पुढें माहीम-शीव ओलांडून साष्टींत पसरलें, आणि जें टोकाला होतें तें आपोआप मध्यावर आलें.

गिरण्यांच्या मागोमाग माणसें आलीं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, पुणें, नगर येथून आणि पुढें उत्तर हिंदुस्थानांतून व तेलंगणांतून मजूर आले. दहा बाय बाराच्या खोलींत एकेका गांवचीं पंधरा-वीस माणसें राहत. दिवसपाळीचीं माणसें कामावर गेलीं कीं रात्रपाळीचीं त्याच वळकट्यांवर आडवीं होत. खानावळवाल्या बायका त्यांना दोन वेळां जेवूं घालीत. भोंग्यावर घड्याळ लावावें अशी त्या वस्तीची शिस्त होती. तेथेंच नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८९० सालीं कामगारांसाठीं रविवारची सुट्टी मिळविली, आणि ना. म. जोशी यांनीं १९११ सालीं सोशल सर्व्हिस लीग काढून वाचनालयें व रात्रीच्या शाळा चालविल्या. भजनीमंडळें, तालमी, कामगार रंगभूमि, सार्वजनिक गणपति हें सारें त्या चाळींच्या गॅलऱ्यांतून आणि पटांगणांतून वाढलें. गिरणगांव म्हणजे नुसत्या गिरण्या नव्हेत. गिरणीपासून पायीं चालत जातां येईल इतक्या अंतरावरचें तें एक संपूर्ण गांव होतें.

१८ जानेवारी १९८२ रोजीं दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लक्ष कामगारांचा संप सुरूं झाला. तो कधीं रीतसर मागें घेतला गेलाच नाहीं. तो विरून गेला. सरकारनें १९८३ सालीं मुंबईंतील तेरा गिरण्यांचा कारभार आपल्या हातीं घेतला. बाकीच्या गिरण्यांपैकीं कांहीं रडतखडत चालल्या, कांहीं ‘आजारी’ ठरल्या, कांहींचे दरवाजे पुन्हां उघडलेच नाहींत. मुंबईंतील अठ्ठावन्न गिरण्यांच्या ताब्यांत मिळून सुमारें सहाशें एकर जमीन होती. कापडाचा धंदा तोट्यांत गेला, पण ज्या जमिनीवर तो धंदा उभा होता ती जमीन त्याच वेळीं सोन्याच्या भावाला पोहोंचली होती.

१९९१ सालीं मुंबईची नवी विकास नियंत्रण नियमावली अमलांत आली. तिच्या अठ्ठावन्नाव्या नियमानें गिरणीच्या जमिनीचा वापर बदलण्यास वाट करून दिली, पण त्याबरोबर एक अटही घातली. गिरणी पाडून जमीन नव्यानें विकसित करावयाची तर तिचे ढोबळ मानानें तीन वांटे करावयाचे. एक वांटा महानगरपालिकेला बागा, मैदानें व सार्वजनिक सोयींसाठीं. एक वांटा गृहनिर्माण मंडळाला, म्हणजे म्हाडाला, सामान्य माणसांच्या घरांसाठीं. आणि एक वांटा मालकाला, बाजारभावानें विकण्यासाठीं. मालकाच्या उत्पन्नांतून कामगारांचीं देणीं भागवावयाचीं. भूखंडाच्या आकाराप्रमाणें या वांट्यांच्या प्रमाणांत थोडा फरक होई. तत्त्व मात्र सगळीकडे एकच होतें. नियमानें जमिनीची किंमत वाढते, तेव्हां त्या वाढीचा भाग शहरानें आणि गरजूंनीं घ्यावा, हें तें तत्त्व.

नियम चांगला होता, पण त्यांत एक भगदाड होतें. वांटे द्यावयाचे ते गिरणी पाडून नवें बांधल्यास. जुन्या इमारती तशाच ठेवून त्यांत दुसरा उद्योग थाटला तर जमीन वांटून देण्याची गरज पडत नसे. दोन-तृतीयांश जमीन सोडून देण्यापेक्षां भिंती तशाच ठेवण्यांत मालकांना लाभ दिसला. सूतखात्यांत कचेऱ्या आल्या, विणकामाच्या गाळ्यांत दुकानें आलीं. पुढील दहा वर्षांत फारच थोडी जमीन सार्वजनिक कामासाठीं हातीं आली. सरकारी पक्षाचें म्हणणें असें कीं, नियम इतका कडक असल्यामुळें कोणी पुढेंच येत नाहीं, कामगारांचीं देणीं तशींच राहतात, आणि गिरण्या गंजत पडतात. हें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें.

मध्यंतरीं १९९६ सालीं सुप्रसिद्ध वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांच्या समितीनें राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनीसंबंधीं अहवाल दिला. समितीचा मुख्य विचार साधा होता. प्रत्येक गिरणीची जमीन सुटी सुटी पाहूं नये. शेजारशेजारच्या जमिनी एकत्र मांडल्या तर रस्ते सरळ करतां येतील, सलग मोकळी जागा काढतां येईल, आणि रेल्वे स्टेशनांकडे जाण्यायेण्याची सोय नीट लावतां येईल. एका वर्गांतल्या मुलांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून एकच धडा शिकवावा, तसा सुट्या सुट्या परवानग्यांचा कारभार असतो. हुशार शिक्षक सर्वांना एकत्र बसवितो. समितीचा हा विचार कागदावरच राहिला.

२००१ सालच्या मार्च महिन्यांत नियम बदलण्यांत आला. तीन वांटे कायम राहिले, परंतु वांटणी कशाची करावयाची हें बदललें. आतां वांटणी संपूर्ण जमिनीची नव्हे, तर गिरणीच्या आवारांत जी जागा बांधकामाविना मोकळी होती तेवढीचीच. बदल दोन-चार शब्दांचा दिसतो. त्याचा हिशेब करून पाहिला म्हणजे त्याचें वजन कळतें. उदाहरणादाखल पंधरा एकरांची एक गिरणी कल्पावी. तिच्यांत बारा एकरांवर शेड व इमारती आहेत आणि तीन एकर मोकळे आहेत. पहिल्या नियमानें बागेला पांच एकर, सामान्यांच्या घरांना पांच एकर व मालकाला पांच एकर आले असते. दुसऱ्या नियमानें फक्त त्या मोकळ्या तीन एकरांचे तीन वांटे होतात. बागेला एक, घरांना एक, आणि मालकाला स्वतःचा एक धरून तेरा. शाळेंतल्या चौथ्या इयत्तेच्या मुलालाही हें गणित सुटेल. आणि कापडगिरणी ही अशी इमारत असते कीं तिच्या आवारांत मोकळी जागा थोडीच शिल्लक असते.

या बदलाविरुद्ध पर्यावरणाचें काम करणाऱ्या एका संस्थेनें २००५ सालीं मुंबई उच्च न्यायालयांत जनहितयाचिका केली. १७ ऑक्टोबर २००५ रोजीं उच्च न्यायालयानें याचिकेच्या बाजूनें निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयानें ७ मार्च २००६ रोजीं तो फिरवून बदललेला नियम वैध ठरविला. त्या निकालांत आजारी गिरण्यांचें पुनरुज्जीवन, कामगारांचीं देणीं आणि नियम करण्याचा शासनाचा अधिकार यांचा विचार झाला. न्यायालयाचा निकाल शिरोधार्य आहे. तथापि एखादा नियम कायदेशीर असणें आणि तो शहाणपणाचा असणें या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिल्या गोष्टीचा निर्णय न्यायमूर्ति देतात, दुसऱ्या गोष्टीचा निर्णय पुढची पिढी देते.

त्याच सुमारास, २००५ सालीं, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळानें आपल्या पांच गिरण्यांच्या जमिनी लिलावानें विकल्या. लोअर परळची मुंबई टेक्स्टाईल गिरणी ७०२ कोटि रुपयांना गेली, दादरची कोहिनूर गिरणी क्रमांक तीन ४२१ कोटींना. जमीन इतक्या भावानें घेतली म्हणजे तिच्यावर स्वस्त घर उभें राहूं शकत नाहीं हें सांगावयास अर्थशास्त्राची पदवी लागत नाहीं. मग मनोरे उठले, कांचेच्या कचेऱ्या आल्या, मोठे बाजार आले. दोष त्या इमारती बांधणाऱ्यांना देण्यांत अर्थ नाहीं. व्यापाऱ्यानें नियमांत बसेल तो व्यापार केला. प्रश्न नियमाचा होता.

आतां शेजाऱ्यांकडे वळूं. अशा बांधकामाला स्थानिक लोकांनीं हरकत घेतली कीं त्यांना विकासाचे शत्रू म्हणण्याची एक सोपी रीत पडली आहे. परंतु प्रत्येक हरकत नीट चाळून पाहिली पाहिजे. त्यांत दाणाही असतो आणि फोलही असतें.

दाणा कोणता? पहिला पाण्याचा आणि गटारांचा. ज्या नळावर तीनमजली चाळी जेमतेम भागतात त्याच नळावर चाळीस मजले चढविले तर खालच्या खोलींत पहांटे करंगळीएवढी धार येते. दुसरा दाणा रस्त्यांचा आणि स्टेशनांचा. लोअर परळ, करी रोड, परळ, एल्फिन्स्टन रोड हीं स्टेशनें गिरणी कामगारांच्या काळांत बांधलेलीं होतीं, आणि तो कामगार बहुधा पायींच गिरणींत जात असे. गिरणीच्या जागीं कचेरी आली तेव्हां तिच्यांत काम करणारा माणूस विरार-बदलापुराहून गाडीनें येऊं लागला. जमिनीवरच्या माणसांची संख्या वाढली, पण पुलाची रुंदी तीच राहिली. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं सकाळीं पावसाच्या सरींत एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली व तेवीस माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्या दुर्घटनेचीं तात्कालिक कारणें कोणतींही असोत, त्या अरुंद जिन्यावर इतकी गर्दी कोठून आली याचें उत्तर नकाशाच्या बदललेल्या रंगांत आहे. त्याच वर्षीं २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारांतील गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून चौदा जीव गेले. शेजारी जेव्हां रस्ते, जिने आणि बंबाची वाट यांविषयीं विचारतात तेव्हां ते जिवाच्या प्रश्नाविषयीं विचारीत असतात.

तिसरा दाणा राहण्याच्या खर्चाचा. मनोऱ्यांच्या पायथ्याशीं भाजीवाली, शिंपी, पिठाची गिरणी, खानावळ यांचें भाडें वाढतें. चाळींतला माणूस घरांतून कोणीं हांकलला नाहीं, तरी त्याच्या पगारांत भागेल असें दुकानच जवळ उरत नाहीं. वस्ती अशी न बोलतां रिकामी होत जाते.

आणि फोल कोणतें? ‘आम्हीं आलों, आतां दार लावा’ ही वृत्ति. स्वतःच्या सोसायटीपुढें मैदान राहावें, नवें घर मात्र दुसऱ्याच्या गल्लींत व्हावें, असें म्हणणाऱ्यालाही ‘स्थानिकांची हरकत’ असेंच भारदस्त नांव मिळतें. गरिबांसाठीं इमारत होणार म्हटलें कीं आपल्या वस्तीचा ‘दर्जा’ खालावेल अशी भीति सुशिक्षितांच्या बैठकींत मोकळेपणानें बोलून दाखविली जाते. असें म्हणणाऱ्या गृहस्थाची मोलकरीण, त्याच्या मुलांना शाळेंत नेणारा गाडीवाला, त्याच्या आजारी वडिलांजवळ रात्र काढणारी परिचारिका हीं सारीं कोठें राहतात याचा विचार त्यानें केलेला नसतो. शिवाय या हट्टाचें फळ बहुधा हट्ट करणाऱ्याच्याच घरीं पिकतें. मध्यावर नवीं घरें होऊं दिलीं नाहींत तर असलेल्या घरांचे भाव चढतात, आणि त्याच गृहस्थाचा मुलगा लग्न झाल्यावर डोंबिवलीला किंवा वसईला जागा शोधावयास जातो. मग सणासुदीला आईबापांच्या भेटीला येतांना गाडीला गर्दी फार असते म्हणून तो तक्रार करतो!

तात्पर्य, शहराच्या मध्यावर घरें झालींच पाहिजेत. जेथें काम आहे, शाळा आहे, इस्पितळ आहे, गाडी आहे, तेथें माणसाला राहूं न देणें हा जमिनीचा अपव्यय आहे. पण तीं घरें सर्व थरांतील माणसांचीं असलीं पाहिजेत.

ज्यांच्या श्रमावर हें शहर उभें राहिलें त्यांच्या वांट्याला काय आलें हें आंकड्यांनींच पाहणें बरें. गिरणी कामगारांच्या व त्यांच्या वारसांच्या संघटनांनीं वर्षानुवर्षें लढा दिला. गिरण्यांच्या जमिनीवर म्हाडाला मिळालेल्या वांट्यांतून घरें बांधण्यांत आलीं आणि तीं सोडतीनें वांटण्यांत आलीं. २०१२ सालीं ६,९२५, २०१६ सालीं २,६३४ आणि २०२० सालीं ३,८९४ घरांची सोडत निघाली. पनवेलजवळ कोन येथील २,४१७ घरेंही यांत मिळविलीं तर बेरीज १५,८७० होते. अर्ज आले होते सुमारें पावणेदोन लक्ष. म्हणजे अर्ज करणाऱ्या अकरा जणांत एकाला घर. पहिल्या सोडतींतील घर दोनशें पंचवीस चौरस फुटांचें होतें. तरी ज्याचें नांव निघालें त्यानें तें देवाच्या प्रसादासारखें डोळ्यांना लावलें.

उरलेल्या दहांचें काय? २०२४ सालीं शासनानें कर्जतच्या मार्गावरील शेलू व वांगणी येथें त्यांच्यासाठीं घरें बांधण्याची योजना पुढें आणली. घर नाहीं त्याला दूरचें घरही घरच असतें, असें म्हणणारे आहेत. पण कामगार-संघटनांनीं तिला विरोध केला व घर मुंबईंतच मिळावें असा आग्रह धरला. या आग्रहाकडे केवळ हट्ट म्हणून पाहतां येणार नाहीं. त्या म्हाताऱ्या कामगाराची औषधें परळच्या इस्पितळांत आहेत, त्याच्या सुनेची नोकरी दादरला आहे, नातू लालबागच्या शाळेंत आहे. घराबरोबर हें सारें वांगणीला नेतां येत नाहीं. शिवाय ज्या सहाशें एकरांवर त्याची उमर गेली, त्यांतल्या एका कोपऱ्यांत त्याला जागा नाहीं आणि कर्जतच्या वाटेवर मात्र आहे, हें त्याला पटवून देणें कोणत्याही अधिकाऱ्याला जड जाईल. नियमांतील ते दोन-चार शब्द ज्यानें बदलले त्यानें फक्त नकाशा पाहिला असेल. त्याचा परिणाम मात्र पावणेदोन लक्ष कुटुंबांच्या चुलीपर्यंत पोहोंचला.

याच भागांत दुसरें एक उदाहरण चालूं आहे. मुंबई सरकारच्या विकास खात्यानें १९२० ते १९२५ या काळांत वरळी, नायगांव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथें २०७ चाळी बांधल्या. त्यांनाच लोक बी. डी. डी. चाळी म्हणतात. वरळीला १२१, नायगांवला ४२, जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. एकेक खोली एकशें साठ चौरस फुटांची, शौचकूप सामाईक. शिवडी वगळून बाकीच्या चाळींच्या पुनर्विकासाचें काम २०१७ पासून म्हाडाकडे आहे. जुन्या रहिवाशाला त्याच ठिकाणीं पांचशें चौरस फुटांचें घर विनामूल्य द्यावयाचें, आणि उरलेल्या जागेंत विक्रीचीं घरें बांधून खर्च भरून काढावयाचा, अशी ही योजना आहे. वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजीं नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या.

येथेंही आरंभीं रहिवाशांनीं पुष्कळ हरकती घेतल्या होत्या. आमच्याशीं लेखी करार करा. संक्रमण शिबिरांत किती दिवस राहावें लागेल तें सांगा. पुढें उद्‌वाहनाचा आणि देखभालीचा खर्च आम्हांला झेपेल कां. सणाला जमण्यासाठीं पटांगण राहील कां? हे प्रश्न अडवणुकीचे वाटले तरी त्यांच्यामुळें काम अधिक सावधपणें झालें. चाळींतून मनोऱ्यांत गेलेल्या माणसाला भिंती मिळाल्या, स्वतंत्र न्हाणीघर मिळालें. म्हाताऱ्यांना रात्रीं अंधारांत गॅलरीच्या टोकापर्यंत चालत जावें लागत नाहीं. त्याबरोबर उघड्या दारांची वस्ती बंद दारांची झाली. शेजारच्या बिऱ्हाडांत लेकरूं सोपवून कामावर जाण्याची सोय चाळीसाव्या मजल्यावर किती टिकते हें पुढील दहा वर्षांत दिसेल. तथापि या योजनेंत एक गोष्ट निश्चितपणें चांगली झाली. जमीन सरकारची होती, आणि जुना माणूस जागच्या जागीं राहिला.

या दोन उदाहरणांवरून सुशिक्षित कुटुंबांनीं आपापल्या शहराकरितां कांहीं घेण्यासारखें आहे. पुण्यांत, नागपुरांत, सोलापुरांत, कोल्हापुरांत हाच प्रश्न आज ना उद्यां दारीं येतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा आहे. त्याप्रमाणें विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून नागरिकांकडून ‘हरकती व सूचना’ मागवाव्या लागतात. मंजूर आराखड्यांत फेरबदल करावयाचा झाला तरी सूचना काढून लोकांचें म्हणणें मागवावें लागतें. २००१ सालचा तो बदलही अशाच फेरबदलाच्या कलमाखालीं झाला होता. सूचना वर्तमानपत्राच्या आंतल्या पानावर बारीक टाइपांत येते, भाषा रुक्ष असते, मुदत थोडी असते. वाचणारा पान उलटून नाटकाच्या जाहिरातीकडे वळतो. महिना निघून जातो, आणि मग चार वर्षांनीं खिडकीसमोर भिंत उभी राहिली कीं गलका होतो.

लोकांनीं वेळेवर लक्ष घातलें म्हणजे काय होतें याचाही दाखला मुंबईनेंच दिला आहे. २०१५ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या पुढील वीस वर्षांच्या आराखड्याचा मसुदा बाहेर पडला. कांहीं भागांत चटईक्षेत्र निर्देशांक आठपर्यंत नेण्याची त्यांत कल्पना होती. एक हजार चौरस मीटर भूखंडावर जितकें हजार मीटर बांधकाम करतां येतें तितका तो निर्देशांक, एवढें लक्षांत ठेवलें कीं आठ या आंकड्याचा अर्थ कळतो. लोकांनीं नकाशे उलगडले, आपापली गल्ली शोधली आणि चुका दाखविल्या. हरकतींचे ढीग पडले, आणि एप्रिलमध्यें मुख्यमंत्र्यांनीं तो मसुदा रद्द करून नव्यानें करावयास सांगितलें. सुधारलेला मसुदा २०१६ सालीं आला व २०१८ सालीं मंजूर झाला. तो निर्दोष आहे असें कोणी म्हणणार नाहीं. पण पहिला मसुदा मुकाट्यानें मंजूर झाला असता तर काय झालें असतें याची कल्पना करवत नाहीं.

म्हणून असा नकाशा समोर आला असतां चार प्रश्न विचारावेत. पहिला, सामान्यांच्या घरांचा वांटा संपूर्ण जमिनीवर मोजला आहे कीं उरल्यासुरल्या तुकड्यावर? दुसरा, पाणी, गटार, रस्ता, शाळा आणि स्टेशनाचा पूल हीं इमारतीच्या आधीं होणार आहेत कीं मागाहून? तिसरा, आज तेथें राहणारा माणूस त्याच जागीं राहणार आहे कीं त्याला दूरच्या गांवचा पत्ता मिळणार आहे, आणि मधल्या काळाची हमी लेखी आहे काय? चौथा, जी मोकळी जागा दाखविली आहे ती रस्त्यावरून जाणाऱ्या पोरालाही खेळावयास खुली आहे कीं फाटकाआड, पहारेकऱ्याच्या मर्जीवर आहे? या चारही प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असतील तर शेजाऱ्यांनीं आपल्या खिडकींतला थोडा उजेड सोडून नव्या घरांना जागा करून द्यावी. तीं नसतील तर कागदावर सही करून, आंकडा देऊन, मुदतींत हरकत नोंदवावी. नुसत्या घोषणेपेक्षां मुदतींत दिलेला एक पानाचा अर्ज सरकारी दप्तरांत अधिक काळ टिकतो.

गिरणगांवांतील कांहीं धुराडीं अजून उभीं आहेत, आणि कांहीं जमिनींचा निर्णय अजून व्हावयाचा आहे. सहाशें एकरांची संधि पुन्हां येणार नाहीं, पण लहान संधि प्रत्येक शहरांत रोज येत असतात. बंद पडलेली एखादी तेलाची गिरणी, हललेलें एखादें गोदाम, रिकामा झालेला एखादा सरकारी वाडा. ज्या दिवशीं त्या भिंतीवर नोटिशीचा कागद चिकटेल, त्या दिवशीं तो थांबून वाचणारा कोणीतरी त्या गल्लींत असला पाहिजे.